वेगळी बादली

रोहा, १४ मे २०२५

प्रिय याकूबभाई,

अस्सलाम अलैकुम. अम्मी गुडघे सोडले तर बरी आहे. मी शिकवते त्या पेणच्या शाळेला सुट्टी लागली, त्यामुळे माझं रोजचं जाणं-येणं बंद आहे. फोनवर अम्मी स्पीकर लावते आणि शेजारच्या बायजाकाकूही ऐकतात, म्हणून लिहिते आहे.

छताचं काम परवा झालं. वरच्या खोलीच्या फळ्या आणि पत्रा यांच्यामध्ये मशीनच्या पाइपानं ऊन अडवणारं भरण फुंकून घेतलं. काचेची लोकरच भरून घे, असं तुम्ही मेसेजमध्ये दोनदा सांगितलं होतं. मी कागदाचा भुगा भरला. आधी हे सांगून टाकते.

पेणचा ठेकेदार प्रणित दोन्हींचे नमुने पिशव्यांत घेऊन आला होता. मी नेहमीप्रमाणे वहीत दोन रकाने पाडले. लोकर ओल धरत नाही, फारशी खाली बसत नाही, आपल्या पावसाला तीच बरी. कागद म्हणजे रद्दीचा भुगा, आग आणि वाळवीसाठी टाकणखार मिसळलेला. पण पत्रा गळला तर भिजून गोळा. वहीप्रमाणे तुमचंच बरोबर होतं. लोकर ठरलीही.

मग प्रणितचा मशीनवाला आला, जिते गावचा दत्तात्रेय. भर उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं लावलेली. लोकरीची पिशवी उघडण्याआधी म्हणाला, "ताई, दोरीवरची कापडं काढून घ्या, काचेची कुसळं उडतात." मी विचारलं, तुमच्या घरी काय करता? "माझी बादली येगळी हाय. बायकोला हात लावू देत नाय. पोरांच्या अंगाला खाज सुटते." तुम्हाला सवय झाली असेल, म्हटलं. तो म्हणाला, "सवय कसली? सांगत नाय, इतकंच."

भाई, त्याला चहा विचारायचंही मी विसरले.

गेल्या सुट्टीत परदेशाहून आलात तेव्हा तुम्ही बॅग अंगणातच झटकलीत. कपडे वेगळ्या बादलीत, स्वतःच धुतलेत. अम्मी म्हणाली, तिकडे राहून नखरे शिकला. आणि मी, तुम्ही उकाड्यात बाह्या खाली घेऊन बसलात तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय साहेब, ए.सी. तिकडेच राहिला का?" तुम्ही हसलात. सुपरवायझरला असंच राहावं लागतं, म्हणालात. बावीस वर्षं आम्ही ते खरं मानलं. मेसेजमध्ये तुम्ही सांगत होतात, कोपरे आधी भर, नाहीतर पोकळी राहते. सुपरवायझरला हे कसं ठाऊक, असा प्रश्न मला पडला नाही. सगळ्या गोष्टींवर शंका घेणारी मी.

माझं बी.एस्सी., हे घर, ती खोलीसुद्धा, परक्यांच्या छतांखाली वाकून हीच लोकर भरत तुम्ही आम्हाला दिलीत. आभार मानले तर तुम्ही चिडाल. तरी मानते.

प्रणित म्हणतो, मास्क, हातमोजे घातले की लोकरीचं काही होत नाही. असेलही. मी शास्त्रानं निवड केली नाही, हे कबूल. पण ती लोकर आपल्या छतात मला बघवली नसती. त्याची भरपाई म्हणून पत्र्याचे सगळे स्क्रू बदलून घेतले आणि कागद भरण्याआधी वर पाणी ओतून पाहिलं. एक थेंब आला नाही.

एप्रिलमध्ये दुपारी दोनला खोलीत एकेचाळीस असायचं. काल पस्तीस होतं.

आणखी एक. खोली अम्मीसाठी करते आहे, असं मी तुम्हाला म्हणाले होते. तिचे गुडघे जिना चढत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे, तरी तुम्ही काही विचारलं नाहीत. खोटं बोलणं आपल्या घरात तुमच्याकडूनच शिकले बहुतेक. घर आता माझ्या पगारात चालतं, अम्मीच्या औषधांसकट. काल तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला लिही, खोली थंड हाय. बास झालं आता."

अर्ध्या बाह्यांचे दोन सदरे आणून वर खुंटीला लावले आहेत. आलात की तुमचे कपडे आमच्याच बादलीत टाका. मी धुणार आहे.

तुमची,
अजीजा