कोपर आत

आदरणीय शेषेराव मामांना हदगावहून संघपालचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा आणि मामींचा बीपी, या दोघांत सध्या कोण वरचढ आहे ते कळवा. आम्ही इकडे ठीक, म्हणजे हरलेला प्रशिक्षक जितका ठीक असतो तितके. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याला "मी म्हणलो होतो" म्हणता आणि पुढचं ऐकत नाही.

तुम्ही म्हणाला होतातच. दिवाळीनंतर लातूरहून आलात, आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींचा बास्केटबॉलचा सराव तासभर पाहिलात आणि विचारलंत, "कवायत झकास हाय. खेळ कधी सुरू करतोस?" मला राग आला होता. (त्या दिवशी चहात साखर कमी पडली ती चुकून नव्हे.) वर्षभर मी किती राबलो होतो. दहा विटा मांडायच्या, त्यांच्यामधून नागमोडी ड्रिबलिंग, मग शिट्टीला पास, शिट्टीला शॉट, शिट्टीलाच थांबणं. कोपर आत, नजर रिंगवर. आमची कॅप्टन दिपाली (नववी ब, व्यंकटी ड्रायव्हरची थोरली) शॉट घेते तेव्हा फोटो काढून पुस्तकात छापावा. विटांनी वर्षभरात तिचा चेंडू एकदाही हिसकावला नाही, याकडे मात्र माझं लक्ष गेलं नाही.

लातूरच्या सामन्यात समोरच्या मुली हलत होत्या. (गुडघ्यामुळे तुम्ही आला नाहीत, म्हणून सांगावं लागतंय.) तरी आम्ही रेटलं. शेवटचे सहा सेकंद, आम्ही एका गुणाने मागे, चेंडू दिपालीच्या हातात आणि रिंगखाली ती एकटी. मामा, तिने मान वळवून बाकाकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, मारू का?"

मी 'मार' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "कोपर आत."

तिने कोपर आत घेतलं. फार सुंदर घेतलं. तेवढ्यात वेळ संपली.

परतताना नांदेडला बस बदलायची होती. भजी घ्यायची की वडापाव, असं मी सहज विचारलं, तर अकराही जणी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. हात, पाय, मनगट, सगळं मी त्यांना शिकवलं होतं. केव्हा मारायचं, एवढं एकच स्वतःकडे ठेवून घेतलं होतं.

आता विटा काढल्या आहेत. तीन विरुद्ध तीन खेळवतो आणि मी मधे बोललो की मलाच मैदानाची एक फेरी. (काल अकरा झाल्या.) तंत्र सगळंच फुकट गेलं असं मात्र म्हणू नका. कोपर बाहेर ठेवून घेतलेला निर्णय परवा थेट पंचायत समितीच्या आवारात जाऊन पडला. पण दिपाली दहा दिवस मैदानावर आलेली नाही. तिची आई पारूबाई बाजारात भेटल्या, म्हणाल्या, "माझ्यामुळं हारलो म्हणायली. आता घरात पाणी पिऊ का, हे बी इचारायली, सर." सामना हरल्याचं इतकं वाईट वाटलं नव्हतं, मामा. शंभर पोरींतून एखादी अशी खेळते, आणि तिला मीच असं करून ठेवलं.

मामींना जयभीम सांगा.

तुमचा भाचा,
संघपाल

ता. क. खरं काम राहिलंच. चूक माझी होती, हे दिपालीला सांगायचं आहे. तिच्या घरी कधी जावं, आधी वडिलांशी बोलावं का, शिक्षकाने विद्यार्थिनीची माफी मागितलेली बरी दिसते का, ते उलट टपाली कळवा. तोवर थांबतो.

ता. क. २. वरचं पुन्हा वाचून पाहिलं. काही कळवू नका. निघालो.

ता. क. ३. जाऊन आलो. पाकीट चिकटवायचं बाकी होतं म्हणून लिहितो. पारूबाईंच्या समोरच माफी मागितली. शिट्टी मी गळ्यातून काढून ओट्यावर ठेवली होती. दिपालीने ती उचलली, चपला घातल्या आणि मैदानाकडे चालू लागली. मला विचारलं नाही.