आपलीच ओळ

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवतेय. अक्षर ओळखून फाडू नकोस, हात जोडते.

आधी कामाचं सांगते, तिथे मला नीट बोलता येतं. वाचनालयाचा डेटाबेस मी सांभाळते. सुट्टीत तिथे चिटपाखरू नसतं, तरी हा दर पाच मिनिटांनी सगळं डिस्कवर उतरवून ठेवायचा. त्याला चेकपॉइंट म्हणतात. काम नसताना हा उद्योग कशाला, म्हणून आठवडाभर डोकं खाजवलं. निघालं काय, तर प्रत्येक चेकपॉइंटनंतर तो स्वतःच 'झाला' अशी ओळ लिहायचा. पुढच्या वेळी ती ओळ दिसली की स्वारीला वाटायचं, काहीतरी घडलंय. की पुन्हा चेकपॉइंट, पुन्हा ओळ. आपणच हाक मारायची, आपणच ओ द्यायची. मी त्याला शिकवलं, आपली ओळ मोजायची नाही. साहेबांनी पाठीवर थाप मारली.

तिथून बाबांना ठेवलंय त्या दवाखान्यात गेले आणि जिन्यातच बसले. कारण आठ महिने मी घरी हेच करतेय. तुला 'घरात पाऊल टाकू नकोस' म्हणणारे बाबा रोज विचारायचे, दादाचा काही निरोप? एकदा मला बघवेना. म्हटलं, फोन आला होता, बरा आहे, जरा खोकला आहे एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यावरच प्रश्न, खोकला गेला का त्याचा? म्हटलं, गेला. मग एका थापेवर दुसरी. तुला बढती दिली, नवं घर दिलं. गेल्या महिन्यात तर तू लवकरच येतोयस, हेही सांगून बसले.

आता बाबांच्या हृदयाची झडप बदलायचीय. डॉक्टर म्हणतात, शुक्रवारपर्यंत करा, पुढचं आमच्या हातात नाही. बाबा सही करत नाहीत. पोरगा येतोच आहे, त्याला डोळे भरून बघतो, मग कापा म्हणतात. मी खरं सांगायला तोंड उघडते आणि मिटते. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. खूप भीती वाटते रे.

त्यांना माफ कर असं म्हणत नाही. मला हवं ते बोल, जन्मभर बोलू नकोस. पण शुक्रवारच्या आत ये. नाही आलास, तर आठ महिन्यांत तू त्यांची एकदाही चौकशी केली नाहीस, हे मला त्यांना सांगावं लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही.

तुझीच,
ठमी