घरंगळत आलेली जागा

प्रिय धांदरट,

आधी ओळख करून देते, कारण तुझ्या विसराळूपणावर माझा पूर्ण विश्वास आहे. मी तुझी आजी. तुझ्या आईची आई, डावा गुडघा दुखतो ती. तू दप्तर घरी विसरून शाळेत जायचीस आणि ते घेऊन जी तुझ्यामागे पळायची, तीच. आता पळवत नाही म्हणून पत्र पाठवतेय. फोनही केला, पण तू उचलत नाहीस. गंमत बघ, त्या ऑफिसात कानाला यंत्र लावून दिवसभर परक्या लोकांच्या तक्रारी ऐकतेस, आणि घरचा फोन वाजला की तुला बहिरेपण येतं. मी तुझ्या ऑफिसातच फोन लावून तक्रार नोंदवणार होते, ‘आमची नात हरवली आहे, कधीपर्यंत दुरुस्त होईल?’ म्हणून. तुझ्या आईने हातातून फोन काढून घेतला.

मला लिहिता येत नाही हे तरी आठवत असेल. मी बोलतेय आणि एक जण लिहून घेतेय. कोण ते शेवटी सांगीन. अक्षर ओळखीचं वाटलं तर वाटू दे, पण पत्र पुरतं वाच. संपायच्या आधी उठून जायची तुझी खोड मला ठाऊक आहे. बघ, हे वाक्य ऐकून लिहिणारीचा हात थांबला. मी म्हटलं, लिही गं, आजी बोलली म्हणून लिही, पाप मला लागेल.

इकडची खबर अशी की तुझी आई बरी आहे, केस रंगवायचे सोडले आणि एकदम माझी बहीण दिसायला लागली. ते गोदाम अजून उभं आहे, जिथे तू पोरींना शिकवायचीस. गाद्यांच्या फटींना नवी चिकटपट्टी लावलीय, आरशाचा तडा थोडा वर सरकलाय. किल्ली मी खिळ्याला अडकवून ठेवलीय. माझ्या उशाशी ठेवून गेली होतीस ना, न सांगता? मला वाटलं, चष्मा आहे. मी ती नाकावर लावायला निघाले होते.

संध्याकाळी मी अजून तिथे जाऊन बसते. तुझं ते चिअरलीडिंग मला पहिल्या दिवशी वेडेपणा वाटलं होतं. पोरींनी पोरीला हवेत फेकायचं, ती खाली येताना झेलायची, आणि हे सगळं करताना दात दाखवून हसायचं! मी म्हटलं होतं, पडली तर काय करतात, तेव्हाही हसतात का? पण बघता बघता मला त्याची गोडी लागली. रिबिनी बांधायला शिकले. आठपर्यंत मोजायला शिकले, कारण तुमचं सगळं आठातच चालतं. आठच्या पुढे आजीचा हिशेब नाही, असं तू पोरींना सांगायचीस आणि त्या खिदळायच्या.

जागांचं गणितही तूच मला शिकवलंस. मी पुन्हा सांगते, चुकलं तर सांग. त्या मोठ्या स्पर्धेला कोणीही उठून जाऊ शकत नाही. आधी निवडीची स्पर्धा, आणि तिथे आपल्या गटाला तीन जागा. पहिल्या नंबराला जागा मिळते आणि जायचा-यायचा खर्चही. दुसऱ्या-तिसऱ्याला नुसती जागा, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. पण वरच्या एखाद्या संघाने दुसऱ्या गावच्या स्पर्धेत आधीच जागा मिळवली असेल, तर त्याला दोन ठेवता येत नाहीत. मग त्याची जागा खाली घरंगळते, पुढच्या नंबराकडे. मी म्हटलं होतं, हे नळावरच्या रांगेसारखं झालं. पुढचीची घागर आधीच भरलेली असली तर ती बाजूला होते आणि मागचीचा नंबर लागतो. तू हसून म्हणालीस, अगदी तसंच आजी. फक्त ही घरंगळलेली जागा सगळ्यात शेवटी पुकारतात, बक्षिसं वाटून झाल्यावर, निम्मा हॉल रिकामा झाल्यावर. शिकवणारी आणि कप्तान, दोघींनी मॅटवर येऊन ‘घेतली’ म्हणायचं. तीनदा पुकारतात. कोणी आलं नाही तर जागा आणखी एक पायरी खाली.

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. हेच तर मला गिळवत नाही.

निवडीच्या त्या दिवशी आपण चौथे आलो. तुझा चेहरा मी वरच्या बाकांवरून बघत होते. परीक्षकांनी एका डगमगीचे गुण कापले ते तुला पटलं नव्हतं. तू पोरींना म्हणालीस, चला, पिशव्या उचला, दुसऱ्यांच्या टाळ्या वाजवायला आपण आलेलो नाही. आपली लिंबू, तीच ती, एवढीशी म्हणून जिला सगळ्या लिंबूटिंबू म्हणायच्या आणि सगळ्यात वर चढवायच्या, ती म्हणाली, ताई, शेवटपर्यंत थांबू या का? तू तिला म्हणालीस, तुला भीक मागायची असेल तर तू थांब. मी वर होते, पण माझे कान शाबूत आहेत. पोर पिशवी घेऊन तुमच्यामागे गेली.

गुडघ्यामुळे मी मागे राहिले. जिन्याच्या अर्ध्यात होते आणि आपलं नाव ऐकू आलं. दुसऱ्या नंबरवाल्यांकडे जागा आधीच होती. मला आधी वाटलं, माझाच भास. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी हात वर केला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, आहोत, आम्ही आहोत! त्या माइकवाल्याने माझ्याकडे पाहिलं, त्याला वाटलं म्हातारीला चक्कर येतेय. त्याने माणसाकरवी मला पाण्याची बाटली पाठवली. बाटली हातात आली तेव्हा तिसऱ्यांदा पुकारून झालं होतं.

तुला कोणी सांगायच्या आधी मी बसपाशी पोचायला हवं होतं, पण माझ्यापेक्षा पाचव्या नंबरची बाई चपळ निघाली. बिचारी साधी. तिला वाटलं, आपण मोठ्या मनाने जागा सोडली. बसच्या दाराशी येऊन, सगळ्या पोरींदेखत तुझे दोन्ही हात धरून ती म्हणाली, ताई, तुमचे उपकार झाले, तुम्ही सोडलीत म्हणून आमच्या मुलींना मिळाली. तुझे हात तिच्या हातात तसेच राहिले. मागे कोणीतरी रडायला लागलं. पूर्ण रस्ता तू खिडकीकडे तोंड करून बसलीस, आणि मी माझं पाणी पीत बसले, कारण दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

पोरी तुला बोलल्या, ते खरं आहे. त्यांच्या आया जास्त बोलल्या. त्याच आठवड्यात तू गेलीस. मला वाटलं, डोकं थंड झालं की येईल. डोकं बर्फ होईपर्यंत कोण थांबतं गं?

खोटं बोलून तुला बरं वाटवणार नाही. जे गेलं ते गेलंच. आपली खांब, तळाला उभी राहून तिघींचा भार घेणारी आणि तेव्हाची कप्तान, तिचं ते स्पर्धेच्या वयात बसायचं शेवटचं वर्ष होतं. ती आता धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. जागा घरंगळते, वर्ष घरंगळत नाही. ते तिला कोणी परत देणार नाही, तूही नाही. तरी काम सुटलं की ती गोदामात येते, गाद्या अंथरते, धाकट्यांना उभं कसं राहायचं ते दाखवते. मी तिला विचारलं, ताईला काही निरोप? म्हणाली, राग अजून आहे म्हणावं, टपालाने पाठवणार नाही, न्यायचा तर येऊन घेऊन जा.

या वर्षी पोरी पुन्हा गेल्या निवडीला. शिकवणारी म्हणून शाळेतल्या चित्रकलेच्या बाई उभ्या राहिल्या, कारण तिथवर कोणी जबाबदार बाई असली की चालतं. पोरी पाचव्या आल्या. बसमध्ये चढायचं कोणी नावही काढलं नाही. बक्षिसं झाली, हॉल रिकामा झाला, झाडूवाली आमच्या पायांखालून झाडून गेली, तरी रांगेत बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लावून. वरच्या दोघांकडे जागा आधीच होती. एक चौथ्यांकडे घरंगळली आणि एक आपल्याकडे. नाव पुकारलं तशी कप्तान अशी धावली की तिचा एक बूट मागेच राहिला. या वेळी मला खरोखर चक्कर आली, तर मेलं कोणी पाणी दिलं नाही.

आता कान देऊन ऐक, म्हणजे डोळे देऊन वाच. मोठ्या स्पर्धेत चित्रकलेच्या बाई चालत नाहीत. तिथे पोरींना आणखी उंच फेकतात, म्हणून झेलण्याची परीक्षा पास झालेलीच शिकवणारी मॅटच्या कडेला लागते. ती परीक्षा इथे फक्त तू दिली आहेस. महिनाअखेर नाव कळवायचं आहे. नाही कळवलं तर जागा सहाव्यांकडे जाईल, आणि त्याही पोरी शेवटपर्यंत बसून होत्या, मी पाहिलंय, तेव्हा त्यांना मिळाली तर मी शिव्या देणार नाही. हे पत्र तेवढ्यासाठी. मला वाटलं होतं, आपणच लाडीगोडी लावून तुला बोलवावं. पण दारात येऊन ‘आजी, तुम्ही बोला, मी लिहिते’ म्हणाली ती आपली लिंबू. तीच आता कप्तान आहे. ताडमाड वाढलीय, वर चढत नाही, खाली उभी राहून झेलते. तू तिला भीक म्हणाली होतीस ते वाक्य मी सांगितलं तेव्हा तिने तसंच्या तसं लिहिलं, मान वर केली नाही. तुझं नाव तीनदा पुकारायचं असं पोरींनी ठरवलं होतं. दोन फोन झाले. हे तिसरं.

तुझीच,
बाटलीवाली आजी
(सहीच्या जागी अंगठा आहे. डाग समजून पुसू नकोस.)

ता. क. येणार नसशील तर माझ्यासाठी खजूर पाठव, बिनबियांचा, मला दात राहिलेले नाहीत; पुडकं दिसलं की मी समजेन, वर चिठ्ठी नको. येणार असशील तर पोरींसाठी केळी. मॅटवर जायच्या आधी त्या अजून तेवढंच खातात, तू लावलेली सवय. आणि केळी टपालात टाकू नकोस, काळी पडतात.