दसऱ्याच्या बारासाठी गारगोटीची धार

२ ऑक्टोबर १९७८, हिंगणी
शाळेला सुटी. माळ्यावरून आजोबांची चकमकीची बंदूक उतरवली. दसऱ्याला गावच्या सीमेवरचा पहिला बार आमच्या घराचा, मान तीन पिढ्यांचा. गेल्या वर्षी घोडा तीनदा पडला, ठिणगी एकदाही नाही. हवा दमट होती. रूपराव पाटलाने तेव्हाच जाहीर केलं, पुन्हा बार चुकला तर मान त्याच्या कारतुसी बंदुकीला. सही करायला दहा मिनिटं लागणारा माणूस!
संकल्प: घोड्यात बसवलेल्या गारगोटीला धार. शास्त्रीय पद्धतीने.

३ ऑक्टोबर, सकाळी ७
हत्यारांची निवड. अडकित्ता सौ.ने दिला नाही. छिन्नी गावठी, बाद. कानस पसंत.
तानबा लोहार न बोलावता आला. म्हणे, "गारगोटी घासत नसते मास्तर. तांब्याच्या कांबीनं कडेले टिचवा लागते." सातवीला सामान्य विज्ञान मी शिकवतो, हा तिसरी नापास. चहा पाजून वाटेला लावला. सौ. मात्र दारात उभी राहून ऐकत होती. बायकांना कशातही रस.

५ ऑक्टोबर
दोन तास घासलं. कानस गुळगुळीत झाली, गारगोटी जशीच्या तशी. हल्ली मालात दम नाही.

८ ऑक्टोबर, रविवार
एसटीने सेलू, जाऊन-येऊन चौदा मैल. वेल्डिंगवाल्याकडे विजेवरचं एमरीचं चाक. साधन म्हणावं ते हेच! धार अशी गुळगुळीत की बोट घसरतं. कशाला पाहिजे, असं त्याने विचारलं. समजणार नाही म्हटलं.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
बंदुकीची पूजा. एकदा चाप ओढून बघा, असं सौ.चं टुमणं. परीक्षेआधी पेपर फोडायचा नसतो, एवढंच सांगितलं.

११ ऑक्टोबर, दसरा, संध्याकाळी ७.३०
सीमेवर सगळं गाव. चाप ओढला. खट्. पुन्हा खट्. असं सहा वेळा. माझेच विद्यार्थी मोठ्याने मोजत होते. वर्गात यांना आकडे येत नाहीत.
रूपराव खांद्यावरची बंदूक काढू लागला. खरं लिहायचं तर मला रडू येत होतं. आजोबांचा मान माझ्या हातून चालला होता.
एवढ्यात सौ. पुढे आली. बंदूक माझ्या हातून घेतली, पूजेच्या ताटातली तांब्याची पळी उचलली आणि दांड्याने गारगोटीच्या कडेला टकटक. कपच्या उडाल्या. माझी चौदा मैलांची धार! बंदूक परत मागितली तर म्हणाली, "तुमचे सहा डाव झाले. मीच ओढतो."
नळी आभाळाकडे. धाडकन बार. झाडावरचे कावळे उठले.
रूपराव म्हणाला, "मान घराचा हाय, वहिनीनं राखला. आता दरसाली त्यायनंच वाजवावा." गावाने माना डोलावल्या. मला कोणी विचारलं नाही.
नोंद: मान घरातच राहिला. शिवाय चाकावर पाया पक्का झाला नसता तर पळीने काय होणार होतं?

१२ ऑक्टोबर
काल उशीर झाला म्हणून लोक आज सोनं द्यायला आले. धुतलेलं धोतर नेसून, आपट्याची पानं घेऊन मी सकाळपासून दारात. तेवीस जण आले. प्रत्येकाचं एकच: "मास्तर, वहिनी हायेत का घरात?"
आत पाठवत गेलो. रूपरावालाही.
दुपारी गर्दी ओसरल्यावर मीच आत जाऊन तिला सोनं दिलं. वाकणारही होतो. कंबर धरली होती म्हणून राहिलं.