रफार सरकला

१२ सप्टेंबर
संगणक खोली उघडली. कुलूप गंजलेलं. गित्ते सरांनी खोबरेल सोडलं तेव्हा फिरलं. आत सहा संगणक, सगळ्यांच्या पडद्यावर एकच सूचना: ही प्रत अस्सल नाही. मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, "बंदच हायती. काय करायचं ते करा. मोडलं तर तुमच्या नावावर."
जुनं सगळं पुसलं. लिनक्स ही दुसरी यंत्रणा टाकली. सहाही सुरू झाले.
इतकं सहज झालं की दिवसभर धास्ती. उमापूरहून गेवराईला घरी येईपर्यंत बसमध्ये दोनदा पर्स तपासली. काही हरवलेलं नव्हतं.

१९ सप्टेंबर
शिक्षण परिषद आमच्याच शाळेत. आसपासच्या शाळांतले सगळे शिक्षक. मी बोलायला उभी राहिले, "मुक्त सॉफ्टवेअर".
गित्ते सर: "मुक्त म्हंजे फुकट का, मॅडम?"
फुकट आहेच, पण मुद्दा तो नाही. आत काय आहे ते कुणालाही पाहता येतं. बदलता येतं. दुसऱ्याला देता येतं.
"म्हंजे आपल्या गावच्या रस्त्यावानी. कुनीबी उकरा."
सगळे हसले. मीही. मग चहा आला आणि 'मुक्त' हा शब्द तिथेच कपबशांत राहिला. एम.ए.ला या एका शब्दावर वीस पानं लिहिली असती. आज चार माणसांना तो सांगता आला नाही.
संगणकापुढे बसले ते फक्त कदम सर. तिसरीचे वर्गशिक्षक. निवृत्तीला फार दिवस उरलेले नाहीत. म्हणाले, "उद्या माझा माल आनतो. ह्याच्यात चालंल ना?"
मी चालेल म्हणाले. न पाहता.

२० सप्टेंबर
कदम सरांचा माल म्हणजे पेनड्राइव्ह. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेले वाचनपाठ. प्रत्येक पाठात वर्गातलंच एक मूल, त्याचीच शेळी, त्याचंच भांडण. मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, उन्हाळ्यात परततात. तोवर अक्षरं गेलेली असतात. तिसरीतली दुर्गा या वर्षी परत आली ती वर्गात फळ्याकडे पाठ करून बसायची. सरांनी दोन महिने घालवले तिच्यावर. आता कुठे वाचते. ऊसतोडीची टोळी पुन्हा निघेल.
यंदा सरांचा बेत: पाठ पालकांच्या फोनवर घालून द्यायचे. फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर, बसून वाचतील.
फाईल उघडली. एकही मराठी अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा. जुना फाँट जुन्या यंत्रणेबरोबर गेला. मी पुसला.
सर पडद्याजवळ वाकले. "हे माझंच हाय का?"
हो म्हणावं लागलं.

२३ सप्टेंबर
गेवराईतल्या दुकानदाराकडे गेले. तसला फाँट आता तो ठेवत नाही. "कुटून तरी कॉपी आनतो, दिवाळी झाल्यावर या." दिवाळी झाल्यावर टोळी गेलेली असेल.
मु.अ.ना कळलं. (गित्ते? कुणीही.) "मॅडम, चालत नव्हतं ते बरं हुतं. सुट्टी झाली की दुकानवाल्याला बोलावतो, हुतं तसं करून घिऊ."
डबा खाताना कदम सरांनी लोणचं पुढे सरकवलं. त्यापेक्षा बोलले असते तर.

२७ सप्टेंबर
सर हातानेच पुन्हा टाइप करायला बसले. तरुणपणी मराठी टायपिंगचा क्लास केलेला, बोटं झरझर चालतात. पण पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेली वेलांटी.
"कावून असं करतंय हे? कि लिव्हतोय मी."
पाहिलं. सर आधी वेलांटी दाबतात, मग क. कागदावर आपण तसंच लिहितो, आधी वेलांटी काढून मग अक्षर. टाइपरायटरही तसाच. हा संगणक उच्चाराच्या क्रमाने मागतो: आधी क, मग इ. हात एक क्रम जाणतो, तोंड दुसरा. इतकी वर्षं ऱ्हस्व-दीर्घ शिकवते, हे कधी दिसलं नव्हतं.
मी म्हणाले, बोलता तसं दाबा.
"बोलतो तसं दाबलं तर 'व्हय' न् 'न्हाई'च यील, मॅडम."
अर्धं पान झालं. बाकीचे पाठ या गतीने होणार नाहीत.

३ ऑक्टोबर
सापडलं. जुन्या फाँटचं युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसणारं मराठी, करून देणारा छोटा प्रोग्राम, कुणीतरी इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवलेला. कोण, कुठला, माहीत नाही. फाईल टाकली, मराठी आलं. कदम सरांना हाक मारली. गित्ते सरच आधी आले. मोठ्याने वाचलं:
"'सूयर् उगवला.' कदम सर, तुमच्या धड्यात डुक्कर उगवलं की!"
सूर्याचा रफार सरकून य च्या मागे गेलेला. पर्वत नाही, पवर्त. वर्ग नाही, वगर्. किरणाची वेलांटी एकटी ठिपक्यांवर. सगळं जागेवर, फक्त एक घर इकडे-तिकडे.
कदम सरही हसले. या सगळ्यात पहिल्यांदा.

५ ऑक्टोबर
रविवार. प्रोग्राम उघडून बसले. प्रोग्रामिंग मला येत नाही. पण आत नियमांची साधी यादी: ही खूण दिसली तर हे अक्षर ठेव. संधीच्या नियमांसारखी. त्यातला नियम: वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसली तर नंतर ने. तो नियम अर्धवट होता, पुरा केला. मग रफार. शेवटी अडकलेला र् उचलायचा आणि आधीच्या अक्षराच्या अलीकडे ठेवायचा.
चालवलं. सूर्य. पर्वत. वर्ग. किरण.
खुर्चीतून उठले, घरात फिरले, परत बसले. पुन्हा चालवलं. पुन्हा सूर्य.
गित्ते सरांना त्या दिवशी द्यायचं उत्तर हेच होतं बहुतेक. आता सांगून उपयोग नाही.

९ ऑक्टोबर
पाठ तपासायला वाटून घेतले. मी, कदम सर, आणि मागून गित्ते सर, "द्या चार-पाच, बसूनच हाय". दुपारभर खोलीत तिघेही वाचत. गित्ते सर मध्येच, "सर, ह्या दुर्गाच्या धड्यात शेळी तिची चप्पल खाती. खरं हाय का?"
"खरंच हाय. एकच खाल्ली. दुसरी घालून आली हुती शाळंत."
तो पाठ गित्ते सरांनी बरोबरची खूण करून परत दिला. मीही एकदा नजर फिरवली, कदम सरांनीही. स्वच्छ.

१६ ऑक्टोबर
सुट्टी लागायच्या आत फोन गोळा करायचे होते. कुणाचा फोन साधा, कुणाचा काच फुटलेला, कुणाचा टोळीच्या मुकादमाकडे. जेवढे मिळाले तेवढ्यांत पाठ घातले. दुर्गाच्या बापाच्या फोनमध्ये जागाच नव्हती. लग्नाचे व्हिडिओ. तिची आई म्हणाली, "काडा ते समदे. दिराच्या लग्नात मला तं कुनी इचारलंबी न्हाई."
काढले. दुर्गाने फोन हातात घेतला आणि उघडून दाखव म्हटलं तर दाखवला नाही. तिकडे गेल्यावर उघडणार म्हणे.
मु.अ. व्हरांड्यात उभे. दुकानदार सुट्टीनंतर येणार, ते पक्कं. फोन पाहिले, आत गेले.

२५ ऑक्टोबर
टोळी गेली. कदम सर गावातच राहतात, त्यांनी फोन करून सांगितलं. ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, पोरं. "दुर्गानं फोन छातीला धरला हुता. बाप म्हनला, आगं, मला लागतोय तो."
मी काय करत होते? दिवाळीचे डबे घासत होते. पुन्हा पुन्हा तेच डबे.

५ नोव्हेंबर
काही नाही. पोरांनी वाचून आवाज पाठवायचा असं ठरलं होतं. रेंज नसेल. फोन बापाकडेच असेल. उघडलंच नसेल. कदम सरांना विचारू नये असं ठरवलं आणि विचारलं. "येतंय की. ऊस तोडायला गेलेत, धडे तोडायला न्हाई."

८ नोव्हेंबर
आला. कदम सरांनी आवाजी निरोप पुढे पाठवला. दुर्गाचा आवाज, मागे ट्रॅक्टर, कुणीतरी हाका मारतंय. ती वाचते आहे. अडखळत, पण अक्षराला अक्षर लावून. शेळी, चप्पल, एक पाय अनवाणी. मी उभीच राहून ऐकलं.
मग थांबली.
"सर, ह्या धड्यात शेळी माजीच हाय. चप्पलबी माजीच. पन ही दुगार कोन हाय?"
फाईल काढून पाहिली. 'दुगार्.' पहिल्या ओळीत, शेवटच्या ओळीत, मध्ये. माझा नियम रफार फक्त लगतच्या व्यंजनावरून उचलून अलीकडे नेतो. मध्ये काना आला की तिथेच सोडतो. वर्ग सुधारला, दुर्गा नाही.
आणि आम्ही तिघांनी वाचलं होतं. गित्ते सरांनी, मी, सरांनी स्वतः. कुणालाच दिसलं नाही. आम्ही वाचलंच नव्हतं. आम्हाला ती माहीत होती.
लिहिलेलं वाचलं ते एकटीने.

९ नोव्हेंबर
नियम दुरुस्त केला. आता मध्ये काना, मात्रा काहीही असो, रफार जागेवर येतो. तो प्रोग्राम जिथून घेतला तिथे बदल परत ठेवला, सोबत उदाहरण म्हणून एकच शब्द: दुर्गा. ठेवताना हात थांबला. मुलीचं नाव. पण देवीचंही आहे.
बाकी मुलांना नवी फाईल पाठवली. दुर्गाला पाठवणार तेवढ्यात कदम सरांचा फोन. मी पाठवू का विचारलं.
"थांबा. मी तिला म्हनलोय, ते कोन हाय ते तूच वळख, न् बरुबर लिव्हून फोटू धाड."
मी म्हणाले, सर, ती तिसरीत आहे. रफार तिला कुठे शिकवलाय अजून. चुकीचंच पाठ झालं तर?
"झालं तर झालं. यील तवा बघू."
थोड्या वेळाने त्यांचाच परत फोन. "धाडली न्हाई ना?"
नाही.
उद्या शाळा उघडते. दुकानदारही उद्याच. मु.अ.ना काय सांगायचं ते मनात तीनदा जुळवलं, तिन्ही वेळा वेगळं.
दुर्गाची फाईल फोनमध्ये तयार आहे. बोट ठेवलं की जाईल. फोन पालथा ठेवला. भात लावला. परत उताणा केला.