फोटोतल्या अकराजणी

६ जानेवारी, सोमवार
साफ नाही म्हणाले! चार महिन्यांचा पगार थकवला तो थकवला, वर आज लातूरच्या कामगार कार्यालयात मिलमालक विरूपाक्षअप्पा साहेबांपुढं म्हणतात — "या बाया माझ्याकडं कधी नव्हत्याच." नऊ वर्षं त्यांच्या मिलमध्ये डाळ निवडली आम्ही बाराजणींनी! हजेरीबुक त्यांच्याच कपाटात. आमच्याकडं कागदाचा चिटोराही नाही. साहेब म्हणाले, शुक्रवारी पुरावा आणा.

आरतीची नर्सिंगची फी वीस तारखेच्या आत भरायची आहे. पोरगी नांदेडहून रोज फोन करते, मी रोज "होतंय गं" म्हणते.

७ जानेवारी
डोकं चालेना.

८ जानेवारी
सापडला!!! भाकरी थापताना आठवलं — खंडेनवमी! दरवर्षी अप्पा मशीनची पूजा करतात, आम्हाला एकसारख्या पोपटी साड्या वाटतात आणि मशीनपुढं उभं करून फोटो. यंदाचा त्यांनी मिलच्या फेसबुकवर टाकलाय. खाली स्वतःच लिहिलंय — "आमच्या मिलचा परिवार". अजून तसाच आहे! तवा चुलीवर सोडून आमच्यातल्याच शिवम्मामावशीकडं पळाले. भाकरी करपली. करपू दे! मावशीनं फोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणते काय — "अगं बया, मी लई जाड दिसायले की!"

१० जानेवारी, शुक्रवार
अप्पांची बोलती बंद! साहेबांनी फोटो मोठा करून एकेक तोंड जुळवलं. अप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली. वकिलाशी कुजबुजले आणि म्हणाले, तडजोड करतो. सोमवारी सगळ्यांनी एकाच कागदावर सह्या करायच्या, पैसे तिथंच.

मग वकिलानं मोजलं. "या तर अकराच आहेत."

मी नाही त्यात. असणार कशी! अप्पांनी स्वतःचा फोन माझ्याच हातात दिला होता — "उज्वला, तुला जमतंय, काढ." आणि मी हौसेनं काढला! "हसा की गं" म्हणून ओरडत होते वर. आज साहेबांनी विचारलं तर अप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "कुणी काढला, ध्यानात न्हाई."

१२ जानेवारी
मावशीला सांगितलं, तुम्ही सह्या करून टाका. माझ्यापायी अकराजणींचं अडकायला नको. ती उठून चुलीकडं गेली. मला वाटलं होतं, निदान "असं कसं" तरी म्हणेल. फार वाईट वाटलं.

१३ जानेवारी, सोमवार
एकीनंही सही केली नाही! मावशीनं फोटो अप्पांपुढं सरकवला — "आमी हितं कुणाकडं बघून हसायलोत, सांगा की अप्पा!" अप्पांनी फोटो जवळ ओढला. मग हळूच म्हणाले, "उज्वलाकडं."

साहेबांनी बारावं नाव लिहिलं.