जुन्या नावानं कुणी आलं तर

आई, आज दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं एक नाव बदललं आणि दिवसभर तू आठवत राहिलीस. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, कापडाच्या व्यापाऱ्याकडे मी युनिक्सचं मशीन सांभाळतो. ही नोकरी तू गेल्यावर लागली. डिस्कच्या ज्या भागात सगळ्या मालाची नोंद असते, त्या व्हॉल्यूमला शेठच्या भागीदाराचं नाव होतं. भागीदारी तुटली. शेठ म्हणाले, "साईं, मेरी ही मशीन में उसका नाम? निकाल दे." मी म्हटलं, घाई नको, चुकलं तर माल गोदामात असून मशीनला सापडणार नाही. "डरपोक है तू," म्हणून हसले. आहेच मी.

आधी टेपवर कॉपी घेतली, ती वाचता येते का बघितलं. नाव बदलायचं तर व्हॉल्यूम आधी मशीनपासून सोडवावा लागतो. सगळ्यांना काम बंद करायला सांगितलं, तरी तो सुटेना. मशीन म्हणे, वापरात आहे. बिल करणारे काका बिल अर्धवट ठेवून चहाला गेले होते. ते आल्यावर बिल पुरं करून घेतलं, व्हॉल्यूम सोडवला, नवं नाव दिलं. सुरू होताना मशीन जी फाइल वाचतं, तिच्यातही ते लिहिलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. काम झालं होतं, पण मला बुवापाड्याची आपली खोली दिसली. तू भाकरी थापतेस आणि सांगतेस. लग्नात तुझं नाव बदललं होतं. बारवीकडच्या तुमच्या पाड्यावरून एक माणूस आजी गेल्याचा निरोप घेऊन आला आणि नळावर तुझं माहेरचं नाव विचारत राहिला. बायका म्हणाल्या, "या नावाची हितं कोणी नाय." तो परत गेला. तुला कळलं तेव्हा आजीची माती होऊन गेली होती. भाकरी उलटत तू म्हणालीस, "नाव बदललं त्याचं काय नाय रं. जुन्या नावानं कोण आलं तर त्याला घर दाखवाया कोणतरी पायजे व्हतं."

म्हणून मी जुनं नाव पुसलं नाही. त्याच्या जागी नव्या नावाकडे बोट दाखवणारी एक खूण ठेवली. बिलाचा जुना प्रोग्राम त्याच नावानं माल शोधत आला आणि त्याला तो सापडला. शेठनी पडद्याकडे बघितलं. "नाम तो रह गया."

"बोर्ड नया है, शेठ. पुराना सिर्फ रास्ता दिखाता है."

"ठीक है. रास्ते का किराया मत माँगना."

हे पत्र तुझ्या माहेरच्या नावानं सुरू करायचं होतं. शाळा सुटली तरी मी शुद्धलेखनाला जपतो. पण तू ते नाव एकदाच, ओठांतल्या ओठांत सांगितलंस, आणि लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यात न आहे की ण? तुमच्या पाड्यावरच्या बोलण्यात दोन्ही सारखेच. विचारायला आता कुणी उरलं नाही. म्हणून वर नुसतं आई लिहिलं.